इकॉनॉमिक्सला स्कोप काय?

बारावीचा निकाल लागला की राहुरी-नेवाशाकडच्या घरांत बैल पारखावा तसं कॉलेज पारखायला घेतात. फरक इतकाच, की बैलाचे निदान दात बघतात. कॉलेजचं नुसतं गेट बघून माणसं परत येतात.

समजा, पोरगी म्हणाली, "मला इकॉनॉमिक्स करायचंय." लगेच ओसरीवर बैठक. मामांचा पहिला सवाल, "त्याला स्कोप काय?" आत्यांना एमपीएससीची चिंता. काका अधिक व्यवहारी. मेसला रविवारी गोड असतं का, एवढंच त्यांना हवं. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासांवर नेमलेले सीएचबीवाले किती, सांख्यिकी कोण शिकवतं, तिसऱ्या वर्षापर्यंत पोरं आकडे हाताळायला लागतात की गाईडातल्या व्याख्या घोकतात, हे विचारणं बहुधा शिष्टाचारात बसत नसावं. "गणित झेपत नाही ना, मग आर्ट्सला टाका आणि इकॉनॉमिक्स घ्या," हा सल्ला मात्र चहाबरोबर मिळतो. बऱ्यापैकी संस्थेत पहिल्याच वर्षी कॅलक्युलस दारात उभं असतं, हे सल्लागाराच्या गावीही नसतं.

गंमत अशी, की ओसरीवरचा एकूण एक माणूस याच विषयाने पोळलेला. मामांचा लाल कांदा काढणीला आला आणि ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी आणली. ती उठली पुढच्या मे महिन्यात. २०२३ च्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीला विमा असतो आणि तो पाच लाखांपर्यंतच असतो, हे आत्यांना कळलं. काकांना उसाच्या दराचा एफआरपी हा शब्द झोपेतही येतो. एवढं प्रॅक्टिकल करून वर विचारायचं, स्कोप काय!

स्कोपचंच म्हणाल, तर १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी इथल्या अर्थकारणाचं काय केलं, याची पाहणी छापली. विठ्ठलराव विख्यांच्या प्रवरा साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. कालव्यांचा हिशेब मांडणारा हा माणूस १९६७ मध्ये नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ कारखान्याचा अध्यक्ष व्हायचा. आता कारखान्याचा अध्यक्ष कॉलेजचाही अध्यक्ष असतो आणि अर्थशास्त्राचे सर वाढदिवसाला हार घेऊन रांगेत असतात. प्रगतीच म्हणायची.

हिवरेबाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. दुर्मिळ साधनांचं वाटप म्हणून पुस्तकात जे येतं ते तिथे गावसभेत चालतं. नगरहून फार तर अर्ध्या तासावर. विभागाची अभ्याससहल अलिबागला जाते.

असो, पोरगी चिवट. ॲडमिशनच्या रांगेत तिने खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, "सर, लायब्ररीत गाडगीळांचा कालव्यांवरचा अहवाल आहे का?"

क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. "अहवाल? तो नॅक मूल्यांकनाच्या फायलीला लावलाय. तुम्ही आधी कास्ट व्हॅलिडिटीची झेरॉक्स काढा."