विषय : १:१४४ मापाच्या घरातील एक खुर्ची शिंकेमुळे गहाळ झाल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य आरेखक,
बाहुलीघरांचे संच बनवणारी कंपनी
(नाव खोक्यावर छापलेलं आहे, पण ती लिपी मला येत नाही)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मीही आरेखकच. कोयनानगरात बत्तीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढल्या, चुकलेल्या रेघा ब्लेडने खरवडल्या आणि निवृत्त झालो. तेव्हा हे पत्र जातभाईचं समजावं. तक्रार असती तर तीन प्रतींत केली असती.

संच माझ्या मुलीने निवडला. ती पुण्याला असते. "बाबा, रिकामे बसलात की आईच्या स्वयंपाकाचं माप काढत बसता," असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे चार मापं होती. १:१२, म्हणजे फुटाला एक इंच, हे बाहुलीघरांचं खानदानी माप. ज्या ल्युटेन्ससाहेबांनी नवी दिल्ली आखली, त्यांनीच त्या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी याच मापात एक बाहुलीघर आखलं. १९२४ मध्ये ते पुरं झालं. नळाला पाणी, दिव्याला वीज, चालणारी लिफ्ट. पुढे १:२४, १:४८, आणि शेवटी तुमचं १:१४४, म्हणजे बाहुलीघरातल्या बाहुलीला खेळायला लागणारं घर. मुलीने हिशेब केला : घर लहान, किंमत लहान, काम लहान. पहिले दोन हिशेब बरोबर निघाले.

महोदय, तुम्ही दार, जिना, खुर्ची सगळं १४४ने भागलंत. माझा अंगठा भागायचा राहिला. तुमच्या घरात तो साडेनऊ फूट रुंद ठरतो. दार माझ्या बाजूने पंधरा मिलिमीटर, खुर्चीची बैठक तीन. चिमट्यातून गोंदाचा जो थेंब पडतो तो चार मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात जवळजवळ दोन फुटांचं डबकं. साध्या कागदाची चादर पलंगावर घातली तर ती अर्ध्या इंचाहून जाड फळी होते. हे सगळं मी जुनी पट्टी घेऊन रीतसर काढलं आहे.

पट्टी हातात आलीच होती, म्हणून आमचं कोयना धरणही तुमच्या मापात उतरवलं. १०३ मीटर उंचीची भिंत जेमतेम मांडीपर्यंत येते. लांबी आठशे मीटर; ती साडेपाच मीटर होऊन आमच्या ओसरीत मावते. पण पाणी घनाने उतरतं. १०५.२५ टीएमसीचा शिवसागर जलाशय दहा लाख लिटर भरला : दहा हजारी टँकर, शंभर! धरण ओसरीत राहील, पाणी मात्र शेजाऱ्यांकडे जाईल.

तुमच्या खोक्यावर 'आठ तास' असं लिहिलं आहे (आकडे तेवढे वाचता येतात). खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात धरणांची लहान प्रतिरूपं करून त्यांतून पाणी सोडून बघतात. तिथला नियम असा की माप १४४ पटीने उतरलं की काळ बारा पटीने आटतो. इकडचा तास तिकडे पाच मिनिटांत संपतो. तेव्हा तुमचे आठ तास हे आतल्या माणसाचे असावेत, असं धरून मी स्वतःसाठी शहाण्णव तास मंजूर केले. मुदतवाढ चौथ्यांदा चालू आहे.

त्यातून मी आरंभ केला जुलैत. माहितीपत्रकात छत्री आणि तिच्यावर फुली असं चित्र आहे. म्हणजे कोरड्या जागी ठेवा. कोयनानगरात जुलैत कोरडी जागा म्हणजे तांदळाचा डबा. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी गुल घासूनही पेटत नाही, धुतलेला सदरा चौथ्या दिवशी कुबट वासासकट घालावा लागतो. तुमच्या घराची एक मिलिमीटरची भिंत आठवड्यात फुगली आणि छप्पर तिच्यावर बसेना. मी ती भिंत डब्यात पुरली. पुढल्या गुरुवारी आमच्या सौं.नी ती खिचडीबरोबर धुतली.

भूकंपाच्या बाबतीत मात्र तुमचं घर पहिल्या श्रेणीत पास. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे इथली जमीन हलली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आमचं निम्मं घर बसलं. फडताळावरून आईचा तांब्याचा हंडा पडला आणि त्याच फळीवरून ताईच्या भातुकलीतला हंडा. मोठ्याला एवढा पोचा पडला की तो पुढे कधी चुलीवर सरळ बसला नाही. ताईचा तसाच, लखलखीत. कारण नंतर नोकरीत कळलं : वस्तू लहान करत नेली की वजन घनाने घटतं, ताकद वर्गाने. गेल्या महिन्यात पुन्हा जरा गुरगुरलं, कपबशा वाजल्या. तुमची एक वीटही सरकली नाही.

मग मला शिंक आली.

जेवणघरातली खुर्ची क्रमांक बी-१७ त्या वेळी चिमट्यात होती. खोली झाडली, चाळणीने केर चाळला, लोहचुंबकही फिरवून पाहिला (ती लाकडी आहे हे नंतर लक्षात आलं). विस्थापित खुर्चीचं पुनर्वसन होईपर्यंत त्या कुटुंबाने उभ्याने जेवावं, असा तात्पुरता आदेश मी काढला आहे. उशीर झाला तरी आमच्याकडे त्याचं कोणाला नवल वाटत नाही. धरणाखाली गावं गेलेल्यांची नातवंडं अजून जमिनीचे कागद घेऊन हेलपाटे घालताहेत.

एक सूचना. पुढच्या संचात जेवणाचं टेबल वगळून चार पाट द्यावेत. पाट शिंकेने उडाला तरी माणूस जमिनीवर बसू शकतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त आरेखक, कोयनानगर

सोबत : खिडकी एक. सर्व खिडक्या बसवून उरली आहे. कुठली ते कळवावे.

प्रत माहितीस्तव : आमच्या सौ. (तांदूळ निवडण्यापूर्वी पाहावे.)