गाठीचं पिठलं

बँकेतून निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात गृहस्थ स्वयंपाकघरात शिरले. आधीच्या तीन महिन्यांत माळा आवरून झाला होता, जुनी बिलं तारीखवार लावून झाली होती आणि सोसायटीच्या हिशेबातल्या चुका काढून शेजारीही दुखावून झाले होते. घरात ढवळाढवळ करायला तेवढी एकच खोली उरली होती.

सुरुवातच वाटीवर अडली. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे घरोघरी पोचलं. आकडे दिसताच गृहस्थ सुखावले. पण मांडणीवर सात वाट्या, आणि सातही वेगवेगळ्या मापाच्या. त्यांनी प्रत्येकीत किती तांदूळ मावतात ते काट्यावर तोललं, तक्ता केला आणि विचारलं, “अगं, यातली खरी वाटी कुठली?”

“हाताला लागेल ती. तांदूळ जिनं घ्याल तिनंच पाणी मोजा, म्हणजे झालं.”

“आणि मीठ?”

“अंदाजानं.”

अंदाज हा शब्द गृहस्थांना फक्त अंदाजपत्रकात माहीत होता.

पुढचा धडा आमटीनं दिला. वेळ वाचावा म्हणून त्यांनी तूरडाळ, चिंचेचा कोळ आणि गूळ एकदमच कुकरला लावलं. तीन शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, नऊ झाल्या. कुकरच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, तरी डाळ जशीच्या तशी. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही. म्हणून चिंच काय, आमसूल काय, डाळ शिजल्यावरच घालायचं. हे कारण त्यांना नंतर कळलं. त्या क्षणी फक्त बायकोचं ऐकू आलं, “अहो, डाळ आहे ती, थकीत कर्जदार नाही. नुसत्या शिट्ट्या मारून वठणीवर येत नाही.” मुलीनं मात्र दोनदा वाढून घेतली. “बाबा, उसळ मस्त झालीय.”

या एका वाक्यावर गृहस्थांनी सहा मित्रांना जेवायला बोलावलं.

पावसाळ्यातला रविवार. बेत पिठलं-भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकऱ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आल्या. तेवढा शहाणपणा आमटीनं शिकवला होता. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, ठेचलेला लसूण, मिरच्या पडल्या. कांदा गुलाबी झाला, हळद घातली, पाण्याला उकळी फुटली. आता गार पाण्यात कालवलेलं बेसन ओतायचं, इतक्यात दाराची बेल वाजली. बेसन कालवायचंच राहिलं होतं. गृहस्थांनी गडबडीत वाटीभर कोरडं पीठ तसंच पातेल्यात पालथं केलं.

उकळत्या पाण्यात पिठाचा वरचा थर लगेच शिजून फुगतो आणि आत पाणी शिरू देत नाही. बाहेरून चिकट, आतून कोरडी, अशा गोळ्या झाल्या. शेंगदाण्यापासून सुपारीपर्यंत सर्व आकारांच्या. रवी चालवून पाहिली, पळीनं दाबून पाहिलं. गोळ्या पळीखालून निसटून पुन्हा वर येत होत्या.

पानं वाढली गेली. पहिला घास घेऊन एक मित्र थांबला. गृहस्थांनी मान खाली घातली.

“अरे, हे तर गाठीचं पिठलं! आमची आजी करायची. मुद्दाम कोरडं पीठ पेरायची ती. कुठं शिकलास?”

“असंच... अंदाजानं,” गृहस्थ म्हणाले.

बायको दारात उभी राहून छताकडे बघत होती. पातेलं रिकामं झालं, मग खरवडीवरून भांडण झालं. एकानं तर कृती लिहून मागितली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मंडळी याच पिठल्यासाठी जमतात. पंचाईत अशी की एव्हाना गृहस्थांचा हात बसलाय. परवा त्यांनी कोरडं पीठ मुद्दाम पेरलं, तर हात सवयीनं ढवळत राहिला आणि पिठलं झालं रेशमासारखं मऊ. गाठ म्हणून औषधाला सापडेना. मित्र हिरमुसले.

“आज काही जमलं नाही रे.”

गृहस्थ पुन्हा पाणी उकळायला ठेवून पिठाची वाटी हातात घेऊन उभे राहिले. बाहेरून बायकोचा आवाज आला, “अहो, बेल वाजवू का?”