ऐन उन्हातल्या धुराविषयी: दूरसंचार कंपन्यांस एक अनावृत पत्र

महाराष्ट्रात व्यवहार करणाऱ्या समस्त दूरसंचार कंपन्यांच्या संचालक मंडळांस,



गेल्या वैशाखात, उन्हाने पत्रे तडतडत असताना, साक्री तालुक्यातील आमच्या गावाची वीज रिवाजाप्रमाणे गेली, घराशेजारच्या टॉवरच्या पायथ्याचा जनरेटर दोनदा खाकरून सुरू झाला, आणि पहाटेपासून चुलीपुढे बसून वहिनींनी शिजवलेल्या व गच्चीवर जुन्या लुगड्यावर घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांवर काजळीचा बारीक थर बसू लागला. नेमक्या त्याच मुहूर्तावर आपल्यापैकी एका कंपनीचा संदेश माझ्या फोनवर अवतीर्ण झाला, की कागदी बिलाचा आग्रह सोडून ई-बिल स्वीकारावे आणि पर्यावरणरक्षणाच्या कार्यास हातभार लावावा. वहिनींनी काळवंडलेली एक बिबडी उचलून माझ्यापुढे धरली व विचारले, ‘‘भाऊजी, हे कोणाला दाखवायचं?’’ म्हणून हे पत्र.

महिन्याकाठी एक कागद वाचवून मी किती वृक्षांचे प्राण राखीन, याचा हिशेब आपल्या दफ्तरी असेलच. त्याच दफ्तरात दुसराही एक हिशेब मांडून पाहावा. एक लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे २.६ किलो कर्बवायू हवेत जातो, आणि त्याच्या बदल्यात लहान जनरेटरमधून फार तर तीन-साडेतीन युनिटे वीज हाती लागते. म्हणजे डिझेलच्या आजच्या भावाने एका युनिटास पंचवीस रुपयांहून अधिक पडतात. उलट राजस्थानातील भडला येथे २०१७ साली सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरली होती. तो भाव विस्तीर्ण प्रकल्पाचा, टॉवराखालच्या चार सौरपत्र्यांचा व बॅटऱ्यांचा नव्हे, हे मलाही समजते. पण दोन आकड्यांमधल्या एवढ्या अंतरात बॅटऱ्या सहज मावतात.

बरे, हा तालुका तरी कोणता? याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा फिरत आहेत. सूर्य आणि वारा या दोन्ही दैवतांनी जिथे आपले ठाणे मांडले, तिथे आपण निळ्या कॅनमधून डिझेल वाहून आणता! ज्या उन्हात बिबड्या अर्ध्या दिवसात कडकडीत वाळतात, त्या उन्हाशी आपले काय वैर आहे, ते तरी कळवावे.

हे सारे मी नव्याने सांगतो आहे, असेही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०११ मध्ये शिफारस केली, जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने हुकूम काढला, की ग्रामीण भागातील निम्मे टॉवर २०१५ पर्यंत आणि पाऊणशे टक्के टॉवर २०२० पर्यंत अपारंपरिक ऊर्जा व ग्रिड यांच्या संयुक्त विजेवर चालवावेत. दोन्ही मुदती सरल्या. मी एका बिलाची मुदत चार दिवसांनी चुकवली, तर आपण माझे बोलणे बंद करता; आणि सरकारी मुदत वर्षानुवर्षे उलटून गेली तरी माझ्या खिडकीखालचे यंत्र रात्री दोन वाजता बेगुमान गुरगुरत राहते, धूर उशापर्यंत येतो, म्हातारी माणसे खोकत उठून बसतात, आणि तक्रार करावी तर आपला प्रतिनिधी सांगतो की टॉवर आमचा नव्हे, टॉवर कंपनीचा; टॉवर कंपनी म्हणते, वीज महावितरणची. लाज वाटत नाही? फुप्फुसे कोणाची आहेत, एवढे तरी कोणी कबूल करील काय?

या टोलवाटोलवीमागचे इंगित एका जाणत्याने मला सांगितले, ते असे: डिझेलचा खर्च टॉवर कंपनी बहुधा आपल्याकडून वसूल करते आणि आपण तो आमच्याकडून, मग मधल्या कोणाला काटकसरीचे काय पडले आहे? सौरपत्रे बसवायला जागा नाही, ते चोरीस जातात, भांडवल अडकते, या सबबीही ऐकल्या. डिझेल काय चोरीस जात नाही?

आणि इथे मात्र, खरे सांगतो, मला आपली दया येते. कागदावर शंभर लिटर उतरते, टाकीत किती पडते ते टाकीलाच ठाऊक. वाटेत कोणाच्या ट्रॅक्टरला, कोणाच्या मोटारीला त्याचा प्रसाद मिळतो, हे गावातील पोरेसुद्धा जाणतात, आणि आपण मात्र दूरच्या वातानुकूलित कचेरीत बसून ते बिल निमूट मंजूर करता. महावितरणने आपल्याला अखंड वीज दिली असती तर आपणही हा नाद केला नसता. कॅन लादून येणारा पोरगा तर कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराचा नोकर. रेंज गेली की शिव्या त्यालाच, आणि धूर झाला तरी त्यालाच. परवा वहिनींनी त्याला आधी चांगले फैलावर घेतले आणि मग पाण्याचा तांब्या दिला.

तेव्हा भाषणे नकोत, वृक्षारोपणाची छायाचित्रे नकोत. एक लहानशी विनंती आहे. रेशन दुकानदाराला आपल्या साठ्याचा फलक दाराशी लावावा लागतो. तसा एक फलक प्रत्येक टॉवरच्या कुंपणावर, ‘धोका’ या पाटीच्या खाली लावावा, आणि गेल्या महिन्यात इथे किती लिटर डिझेल आले, किती जळले व जनरेटर किती तास चालला, हे त्यावर दरमहा खडूने लिहावे. खडूचा खर्च गाव सोसेल.

कळावे,

आपला,
मुदतीत बिल भरणारा एक शेजारी