भाच्याचा अर्ज अडला

"बाई, ऐकलंत का? आमच्या ओहायोच्या भाच्याचा अर्ज अडला."

"ग्रीनकार्डाचा?"

"ते तर कधीचंच अडलंय. हा दुसरा. नाइट टेम्पलर व्हायला निघाला होता."

बाई कुंपणापलीकडे केळीची सुकलेली पानं छाटत होत्या. कोयता तसाच हातात धरून त्या तारेपाशी आल्या. वसईच्या शाळेत तीस-एक वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईंना असं काही सांगितलं की त्यांची वाडी तिथेच राहते.

"टेम्पलर? अहो, त्या धर्मयुद्धांतल्या सरदारांना पोपने १३१२ मध्येच मोडीत काढलं. शेवटच्या म्होरक्याला दोन वर्षांनी पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. हा कुठल्या टेम्पलरांत चाललाय?"

"फ्रीमेसनांतल्या. तो गुप्त शपथा घेणाऱ्यांचा बंधुवर्ग असतो ना, त्यातल्या."

"मग तसं सांगा. ते अठराव्या शतकातलं. नाव तेवढं जुनं, तलवारी नव्या."

हकिगत अशी. ऑफिसातल्या कुणी गोऱ्या मित्राने भाच्याला मेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे शाखेत, नेलं. तिथे दाढीमिशीवाल्या म्हाताऱ्यांनी एकच विचारलं, देव मानतोस का? हा म्हणाला, मानतो. कुठला ते कुणी विचारलं नाही. याने गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. बहिणीने फोन करकरून सगळ्या गोतावळ्याला सांगितलं. मग तीन पायऱ्या झाल्या, पुढे रॉयल आर्च म्हणून आणखी एक झाली. तिथवर सगळं सुरळीत. टेम्पलरांचा अर्ज हातात आला आणि त्यात प्रश्न निघाला : ख्रिस्ती धर्मावर तुमची दृढ श्रद्धा आहे का?

"म्हणजे ओटीवर या, बसा, चहा घ्या. देवघरात मात्र सोवळ्यातल्यानेच यायचं," मी म्हटलं.

"तुम्हांला बरं पटकन कळलं!" बाई हसल्या. "मग काय लिहिलं त्याने?"

"त्याचा मित्र म्हणतो, 'हो' लिही. त्याचं म्हणणं असं की शपथेत ख्रिस्ती धर्माचं रक्षण करीन एवढंच येतं, आणि रक्षण करायला स्वतः ख्रिस्ती असायला कशाला हवं? म्हणे तिकडे यावरून त्यांच्या त्यांच्यातच वाद चालतो."

"ही पळवाट झाली. इंग्लंडातल्या टेम्पलरांचं बरं असतं. तिथे पवित्र त्रैक्य मानता का, असं रोखठोक विचारतात. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मानत असाल तर या, नाहीतर राम राम. स्वीडन-नॉर्वेकडे तर सगळी मेसनरीच ख्रिस्त्यांपुरती. पहिल्या पायरीपासून."

"मग तुम्हां ख्रिस्त्यांना नक्की घेतील की! म्हणजे बाई म्हणून तुम्हांला नाही घेणार, पण तुमच्या यजमानांना, सरांना तरी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्या सरांना? फादर मिस्सेला ख्रिस्तप्रसाद देणार नाहीत! पोपची बंदी १७३८ पासूनची. मध्ये लोकांना वाटलं, आता सैल झालं असेल. तर १९८३ साली रोमहून पुन्हा कागद निघाला, कॅथलिकाने मेसन होणं हे गंभीर पाप. २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या एका बिशपांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. आमच्या माणसांसाठी नाइट्स ऑफ कोलंबस वेगळे. १८८२ मध्ये कनेक्टिकटात फादर मॅकगिवनींनी काढलेले. कमावता पुरुष गेला की मागे विधवा नि पोरं उघडी पडायची, त्यांच्यासाठी विमा म्हणून सुरुवात. तिथे नुसतं ख्रिस्ती असूनही भागत नाही. किमान अठरा वर्षांचा, धर्म पाळणारा कॅथलिक पुरुष लागतो. शेजारचा प्रॉटेस्टंट कितीही सज्जन असो, बाहेर."

मला गंमत वाटली. त्या टेम्पलरांच्या खोलीत माझा भाचा जाऊ शकत नाही, कारण तो ख्रिस्ती धर्म मानत नाही. सर मानतात, तर त्यांना त्यांचं चर्च जाऊ देत नाही. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तीच कडी.

"पण वहिनी, ही भानगड अमेरिकेतली नाही हं. आपल्या मुंबईत होऊन गेली," बाई म्हणाल्या आणि कोयता अखेर खाली ठेवला. म्हणजे आता तास सुरू. "माणेकजी करसेटजी ठाऊक आहेत? फोर्टातली अलेक्झांड्रा मुलींची शाळा काढणारे. त्यांना मुंबईच्या गोऱ्या लॉजने घेतलं नाही. पठ्ठ्या पॅरिसला जाऊन मेसन होऊन आला! इथे आल्यावरही दार बंदच. तेव्हा डॉक्टर जेम्स बर्न्सने १८४३ मध्ये इथल्या लोकांसाठी वेगळं लॉज काढलं, रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया. काबूलमध्ये मारला गेला तो अलेक्झांडर बर्न्स याचा सख्खा भाऊ. जेम्स आधी भुजला डॉक्टर होता."

"भला माणूस."

"थांबा. हा स्वतः टेम्पलर, त्यांच्यावर पुस्तक लिहिलेला. आता लॉजमध्ये पारशी आले, इतर आले, पण वरच्या सरदारकीच्या पायऱ्या ख्रिस्त्यांच्याच. यांना तिथे कसं न्यायचं? नियम तर मोडवत नाही. मग १८४५ मध्ये याने नवीनच पंथाची कल्पना काढली. नाव, पूर्वेकडील ऑलिव्ह शाखेचा बंधुवर्ग. तीन पायऱ्या : उमेदवार, सोबती, अधिकारी. धर्माची अट नाही, मेसन असलात की पुरे. आणि बिल्ल्यावर काय? चोचीत हिरवी डहाळी धरून खाली उतरणारं कबुतर."

"नोहाच्या तारवातलं?"

"डहाळी नोहाची. पण वरून खाली उतरणारं कबुतर आमच्या चर्चमध्ये कुणालाही विचारा, सांगतील, पवित्र आत्मा! ज्यांना ख्रिस्ती नाहीत म्हणून बाहेर ठेवलं, त्यांच्या छातीवर लावायला हेच सापडलं साहेबाला."

"मग चाललं का ते?"

"सुरुवातीला मोठमोठ्या लोकांनी उचलून धरलं. पण टिकलं नाही."

कसं टिकणार? मला वाटतं माणसाला खरा नकार पचतो, समजूत काढायला दिलेला बिल्ला पचत नाही. माणेकजींना पॅरिसपर्यंत जायची खुमखुमी होती, ती काही कबुतरासाठी नव्हती. आणि त्या टेम्पलरांचीही एक बाजू आहेच. आपल्या एखाद्या वारकरी फडात कुणी म्हणालं, माळ घालत नाही पण दिंडीत वीणा माझ्याच गळ्यात द्या, तर आपण देणार का? बाईंना मी हे बोलले तर त्या म्हणाल्या, फड कुणाला गुप्त शपथ घ्यायला लावत नाही. हेही खरंच.

"बरं, भाच्याचं पुढे?"

"त्याने सरळ 'नाही' लिहून अर्ज परत केला. आता म्हणतो, श्रायनर होतो."

बाईंना एवढं हसू आलं की त्यांनी तार धरली. "मेसनांतलेच ते लाल फेज टोपीवाले? मिरवणुकीत छोट्या छोट्या गाड्या चालवतात ते? पण लहान मुलांची इस्पितळं फार चांगली चालवतात हो. पूर्वी श्रायनर व्हायलाही आधी टेम्पलर तरी व्हावं लागे, नाहीतर त्यांच्या दुसऱ्या वाटेने बत्तिसावी पायरी तरी चढावी लागे. २००० साली ती अट काढली. आता तिसऱ्या पायरीचा नुसता मास्टर मेसन चालतो."

"नाव म्हणे पूर्वी प्राचीन अरबी काहीतरी होतं. मग मुसलमान असावं लागत नाही?"

"छे! टोपी अरबी थाटाची, माणूस कुठलाही."

"झालं तर. बहीण म्हणते, हवी ती टोपी घाल, पण लग्नाच्या बायोडाटाला तो फोटो लावू नकोस."

"का?" बाई कोयता उचलत म्हणाल्या. "मुलीकडचे निदान एकदा तरी फोन करून चौकशी करतील."