विहीर सरकारी, रहाट भाड्याचा

30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह उडाला. इस्रो आणि नासाचं हे जोडकाम. पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन आणि बर्फ तो 12 दिवसांत दोनदा रडारने न्याहाळतो. डोंगर सेंटीमीटरभर सरकला, भूजलाच्या उपशाने जमीन खचली, तरी मोजता येतं. आणि डेटा सर्वांना मोफत.

मोफत खरा, पण घ्यायचा कसा? नासाच्या अंदाजाने दिवसाला सुमारे 80 टेराबाइट! 100 एमबीपीएसच्या इंटरनेटवर एका दिवसाचा डेटा उतरवायला 74 दिवस लागतील. म्हणून नासाने आपला साठा ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवला. डेटा घरी नेऊ नका, तुमचा प्रोग्रॅमच तिकडे पाठवा. निर्णय योग्यच आहे.

पण प्रोग्रॅम तिथे चालू झाला की मीटरही पळू लागतो. यंत्राचं भाडं तासावर, साठवणुकीचं महिन्यावर. डेटा आत टाकणं फुकट, बाहेर काढायला पैसे. मार्च 2020 मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी बजावलं होतं, की बाहेर काढण्याच्या या खर्चाचा हिशेब नासाने नीट धरलेला नाही. उद्या डाउनलोडवर मर्यादा घालावी लागली, तर झळ संशोधकांना बसेल.

ही नासाची गत. मग साताऱ्या-रत्नागिरीच्या कॉलेजात सह्याद्रीतल्या दरडींवर पीएचडी करणाऱ्या मुलीचं डॉलरमधलं बिल कोण भरणार? विहीर सरकारी असून भागत नाही. रहाट भाड्याचा असेल, तर पाणी पैसेवाल्याच्याच शेताला जातं.

युरोपने यावर तोड काढली आहे. कोपर्निकस या त्यांच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या डेटा स्पेसवर नाव नोंदवा, साठ्याशेजारीच प्रोग्रॅम चालवायची ऑनलाइन नोटबुक उघडा, ठरावीक मर्यादेपर्यंत गणना फुकट करा. आपल्याकडे उपग्रहांचा डेटा देणारं इस्रोचं भूनिधी पोर्टल आहे, पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था आहे, राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मोहिमेतले परम महासंगणक आहेत. मग डेटा आणि गणना एकाच जागी आणा. जिल्ह्याच्या कॉलेजांनाही गणनेचे तास वाटून द्या. संशोधनाच्या अनुदानात क्लाउडच्या भाड्यासाठी वेगळी तरतूद करा. यंत्र विकत घेतलं तरच खर्च मंजूर, हा खाक्या आता सोडा.

उपग्रह जनतेच्या पैशाने उडाला आहे. आपली गावं ज्या डोंगरांच्या पायथ्याशी वसली आहेत, ते डोंगर तपासायला आपल्याच विद्यार्थ्यांना परक्या चलनात भाडं मोजावं लागता कामा नये.