पहिली तीन मिनिटं

बल्लारपुरात पेपर मिल आहे, म्हणून स्टोरीबोर्डला कागद कमी पडत नाही. सिनेमा शिकणाऱ्या पोरांची सुरुवात मात्र ठरलेली असते. ड्रोन, धुकं, सागवान, मागून वाघाची डरकाळी. नायक येईस्तोवर प्रेक्षक चहा पिऊन परत!

नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’त (2013) गलोल घेतलेला जब्या आणि काळी चिमणी एवढ्यावर सुरुवात भागवली. ‘सैराट’ (2016) तर गावच्या क्रिकेट सामन्याने सुरू होतो. गाव कसं, कोणाच्या शब्दाला वजन, सगळं कॉमेंट्रीतच कळतं. पोरं हे वहीत ‘विश्लेषण’ म्हणून उतरवतात, गुण मिळवतात आणि लगेच ड्रोनचं भाडं विचारायला निघतात. वाघाला मानधन नाहीच. पुढच्या कथेत त्याला कामही नाही.