चिबडाचं गोत्र

गणपतीच्या वर टांगलेल्या माटवीला बांधलेला चिबूड एकदा ऐन आरतीत फुटला. पिकला की आपणहून फुटायचं ही त्याची रीतच. हिंदीत तर त्याला सरळ ‘फूट’ म्हणतात. बिया आणि गर धाकट्या काकांच्या टकलावर. काकू शांतपणे म्हणाली, “यांना प्रसाद आधी मिळाला.”

आजीचं वर्गीकरण सोपं होतं. जिची कोशिंबीर होते ती काकडी, ज्यात गूळ घालावा लागतो तो चिबूड, आणि विकत आणावं लागतं ते खरबूज. हा चिबूड आणि ते जाळीदार खरबूज एकाच जातीचे, असं कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला पंगतीतून उठवलं असतं.

शास्त्रज्ञही फार पुढे नव्हते. नोदँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं 1859 मध्ये फळांची रूपं पाहून खरबुजाचे दहा गट पाडले. पण हे फळ पक्कं बहुरूपी. कुठे गोड, कुठे आंबट, कुठे लिंबाएवढं, कुठे हातभर लांब. त्यात सगळ्यांचा आपसात संकर होतो, आणि मधमाशी काही गोत्र विचारून फुलावर बसत नाही.

मग आले जनुकीय मार्कर. डीएनएमध्ये काही जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जणू कुणी बोलताना अडखळतंय. एक वाण दहा वेळा अडखळतो, दुसरा चौदा वेळा. तेवढ्याच तुकड्याच्या पीसीआर यंत्रात भरपूर प्रती काढायच्या आणि त्या जेलमधून पळवायच्या. आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे रेंगाळतो. अशा बऱ्याच जागा ताडून पाहिल्या की कोण कुणाचा चुलत ते उमगतं. फळाची वाटही पाहायला नको, कोवळं पान पुरतं. खतपाण्यानं फळाचं रूप पालटेल, हे अडखळणं पालटत नाही.

‘तर काकडी’ म्हणून विकतात ती नावापुरतीच काकडी, हे मात्र गुणसूत्रं मोजूनही कळतं. काकडीच्या सात जोड्या, हिच्या खरबुजासारख्या बारा. मीठ-तिखट लावून आपण खरबूजच खात आलो! बांधावरचं शेंदाडही याच घरातलं. 2019 मध्ये 1175 वाणांचे जीनोम वाचून संशोधकांनी निष्कर्ष काढला की खरबूज तीनदा माणसाळलं: दोनदा भारतात, एकदा आफ्रिकेत.

भित्र्याला आपण ‘शेंदाड शिपाई’ म्हणतो. पण कॅलिफोर्नियातल्या खरबुजांवर भुरी हा रोग पडला तेव्हा त्याला तोंड देण्याचा गुण भारतातल्याच वाणांकडून न्यावा लागला. त्यातून तयार झालेलं बियाणं 1936 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. शिपाई इतकेही शेंदाड नव्हते म्हणायचे.

तेव्हा तुमच्या गावी कुणाकडे घरच्या बियांचा चिबूड असेल, तर खाऊन झाल्यावर मूठभर बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून ठेवा. आणि आरतीला टोपी घाला.